फातिमा शेख कोणी पुसली? आठवण, विसर आणि आपल्या हातातला मोबाइल

९ जानेवारी २०२५ ची संध्याकाळ. वस्तीतल्या अभ्यासिकेत दहा-बारा मुलं-मुली बसलेली. त्यातल्या एकाने मोबाइल माझ्यापुढे धरला आणि म्हणाला, "ताई, फातिमा शेख खरी नव्हतीच म्हणे. ज्याने बनवली त्यानेच कबूल केलंय."

पोस्ट दिलीप मंडल यांची होती. बहुजन चळवळीत वर्षानुवर्षं वाचले गेलेले पत्रकार, आणि त्या वेळी केंद्र सरकारच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाचे माध्यम सल्लागार. फातिमा शेख हे पात्र आपणच रचलं, असं त्यांनी एक्सवर लिहिलं होतं आणि त्याबद्दल माफीही मागितली होती. तासाभरात ती पोस्ट आमच्या चार ग्रुपवर आली. कोणी हसण्याचे इमोजी टाकले, कोणी शिव्या दिल्या, कोणी गुपचूप आपलं स्टेटस काढून टाकलं.

बरोबर तीन वर्षांपूर्वी, ९ जानेवारी २०२२ ला, गुगलने फातिमा शेख यांचं डूडल केलं होतं. तेव्हा याच मुलाने ते स्टेटसला ठेवलं होतं, खाली 'जय भीम, जय सावित्री' लिहून. म्हणजे एका पडद्याने त्याला फातिमा दिली आणि तीन वर्षांनी दुसऱ्या पडद्याने ती काढून घेतली. मधल्या काळात त्याने तिच्याबद्दल एक पानही वाचलेलं नव्हतं. दोष त्याचा नाही. आम्हीच त्याला डूडल फॉरवर्ड केलं होतं, पुस्तक दिलं नव्हतं.

मी त्या दिवशी कपाटातून 'सावित्रीबाई फुले समग्र वाङ्मय' काढलं. मा. गो. माळी यांनी संपादित केलेलं, १९८८ साली प्रसिद्ध झालेलं. त्यात सावित्रीबाईंनी जोतीरावांना लिहिलेली तीन पत्रं आहेत. पहिलं पत्र १० ऑक्टोबर १८५६ चं. सावित्रीबाई आजारी होत्या, माहेरी नायगावला होत्या. पुण्यातलं काम मागे राहिलेलं. त्या पत्रात त्या लिहितात की आपल्या मागे फातिमाला त्रास होत असेल, पण ती कुरकुर करणारी नाही. बस्स, एवढाच उल्लेख. पण या एका ओळीत सगळं आलं. फातिमा नावाची सहकारी होती, ती कामाचा भार वाहत होती, आणि सावित्रीबाईंचा तिच्यावर भरवसा होता.

मी मुलांना विचारलं, "१९८८ साली पुण्यात कोणाकडे इंटरनेट होतं का?" सगळे हसले. "मग १९८८ च्या पुस्तकात छापलेली बाई नंतर कोणी सोशल मीडियावर कशी बनवेल?" प्रश्न तिथेच मिटला. दहा मिनिटं लागली. मात्र ती दहा मिनिटं पुस्तक हाताशी होतं म्हणून मिळाली.

आपलीही चूक आहे

इथे थांबलो तर हा लेख नुसता विरोधकांना ठोकणारा होईल. आपल्या बाजूनेही खरं बोललं पाहिजे. जुन्या साधनांत फातिमांच्या जन्मतारखेला भरवशाचा आधार नाही. तरी ९ जानेवारी ही तारीख आपण पक्की केली, जयंती सुरू केली, पोस्टर छापले. पत्रात जेवढं आहे त्यापेक्षा दहापट जास्त आपण तिच्या नावावर चढवलं. माहिती कमी होती, प्रेम जास्त होतं, आणि रिकामी जागा आपण प्रेमाने भरून काढली. उद्या कोणी त्या भरलेल्या जागेवर बोट ठेवलं की सगळी फातिमाच खोटी ठरते. ज्याला पुसायचं आहे त्याचं काम आपणच सोपं करून ठेवतो.

बाबासाहेबांच्या नावाने फिरणाऱ्या वाक्यांचं तेच. निळ्या पार्श्वभूमीवर कोट घातलेले बाबासाहेब, खाली एक टाळीचं वाक्य. कोणत्या खंडात, कोणत्या पानावर, कोणत्या भाषणात, काही नाही. ज्या माणसाने 'शूद्र पूर्वी कोण होते' लिहिताना पानोपानी संदर्भ दिले, त्याच्या नावावर आपण बिनसंदर्भाची वाक्यं खपवतो. हा त्यांचा गौरव नाही.

विसर आपोआप पडत नाही

'स्मृती' या शब्दाचे आपल्या भाषेत दोन अर्थ आहेत. एक आठवण, दुसरा धर्मशास्त्राचा ग्रंथ. काय लक्षात ठेवायचं आणि कोणी ठेवायचं, हे ज्यांनी ठरवलं त्यांनी आपल्या कायद्यालाच स्मृती म्हटलं. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला मनुस्मृती जाळली गेली, तेव्हा एक पोथी तर जळालीच, पण कोणाची आठवण हा कायदा ठरणार, हा प्रश्नही तिथे उभा राहिला.

समाजशास्त्र शिकताना मॉरिस हाल्बवाक्स हा फ्रेंच समाजशास्त्रज्ञ वाचला होता. त्याने १९२५ मध्येच मांडलं की माणूस एकटा आठवत नाही, त्याचा समूह त्याला आठवायला मदत करतो. घर, जात, धर्म, वर्ग यांच्या चौकटीत आठवण टिकते आणि चौकट मोडली की आठवण निसटते. हे वाचताना मला वाटलं, याची दुसरी बाजू आमच्या आज्यांना न वाचताच कळलेली होती. बलवान समूह दुबळ्या समूहाची चौकटच उभी राहू देत नाही. मग विसर 'आपोआप' पडल्यासारखा दिसतो.

पुण्यातच बघा. पुणे पुराभिलेखागारात पेशवे दफ्तराचे हजारो रुमाल आहेत. जमीन, महसूल, देणग्या, नेमणुका, सगळं मोडीत लिहून ठेवलेलं. त्यात महार-मांग येतात ते वेठीला, वतनाला, शिक्षेला. आपलं म्हणणं त्यांच्या स्वतःच्या तोंडून त्यात सापडत नाही. ते सापडतं १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापलेल्या मुक्ता साळवे या मांग मुलीच्या निबंधात. फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या या पोरीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलं आणि पेशवाईतल्या जुलमाचा हिशोब मांडला. ते आज आपल्या हातात आहे, कारण एका मिशनरी नियतकालिकाने ते छापलं आणि त्याच्या फाइली टिकल्या. एका बाजूला हजारो रुमाल, दुसऱ्या बाजूला एका मुलीचा एक निबंध. साधनांतली विषमता ही अशी असते.

आणि भिडे वाडा? बुधवार पेठेत, दगडूशेठ हलवाई गणपतीच्या समोर. १८४८ साली मुलींची शाळा सुरू झाली ती जागा. समोर रोज हजारोंची रांग, रोषणाई, आणि इकडे दुकानांच्या पाट्यांमागे ढासळत चाललेल्या भिंती. स्मारकाची मागणी कित्येक वर्षांची, वाद कोर्टात. अखेर २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयात निकाल लागला आणि डिसेंबरमध्ये महापालिकेने जागा ताब्यात घेऊन वाडा उतरवला. म्हणजे स्मारकाचा रस्ता मोकळा झाला तेव्हा मूळ वास्तू उभी नव्हती. दर ३ जानेवारीला सावित्रीबाईंच्या फोटोंनी मोबाइल भरून जातो. त्याच काळात तिची शाळा पडत होती आणि तिथून जाणाऱ्या बहुतेकांना ती कुठे आहे हे माहीत नव्हतं. भिडे वाडा हे आपल्या डिजिटल आठवणीचं सगळ्यात कडू उदाहरण आहे.

कोरेगावचा दगड एकटा बोलत नव्हता

आता भीमा कोरेगाव. १ जानेवारी १८१८ ची लढाई आपल्या प्रत्येकाला पाठ आहे. स्तंभाचं काम १८२१ मध्ये सुरू झालं. कंपनी सरकारने तो आपल्या विजयासाठी उभारला, आपल्यासाठी नाही. त्यावर लढाईत पडलेल्या शिपायांची नावं कोरलेली आहेत. त्यातल्या 'नाक' लागलेल्या नावांवरून महार शिपाई ओळखू येतात.

पण दगडावर नाव असणं आणि ते नाव लोकांच्या तोंडी असणं यात फरक आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इंग्रजांनी 'लढाऊ जातीं'चं खूळ डोक्यात घेतलं आणि महारांची लष्करभरती बंद केली. ज्या सरकारने स्तंभ बांधला तेच सरकार स्तंभावरची नावं विसरलं. दगड तिथेच होता. उपयोग शून्य.

तेव्हा पुढे आले पुण्याचे शिवराम जानबा कांबळे. १९०८ मध्ये त्यांनी 'सोमवंशीय मित्र' हे मासिक सुरू केलं. १९१० मध्ये त्यांनी थेट भारतमंत्र्यांकडे अर्ज केला आणि महारांच्या लष्करी इतिहासाचा दाखला देऊन भरती पुन्हा सुरू करा अशी मागणी केली. कोरेगावला सभा भरवण्याची परंपरा त्यांच्याच पिढीची. १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब कोरेगावला आले ते याच वाटेने. पुढे १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली आणि तिच्या सुरुवातीच्या चिन्हावर हाच स्तंभ होता.

ही साखळी नीट पाहा. दगड, मग मासिक, मग अर्ज, मग सभा, मग बाबासाहेब, मग वर्षानुवर्षं चालत, ट्रकने, एसटीने येणारी माणसं. स्तंभ हा नुसता साठा होता. त्याची आठवण माणसांनी केली, आणि हक्क मागण्यासाठी केली. 'आम्ही शूर होतो' एवढं म्हणून कांबळे थांबले नाहीत, 'म्हणून आम्हाला भरती द्या' असंही ते म्हणाले. ज्या आठवणीतून मागणी निघत नाही ती हळूहळू शोभेची होते.

२०१८ ला दोनशे वर्षं झाली. लाखो लोक आले, आणि त्या दिवशी काय झालं ते आपण पाहिलं. त्यानंतरच्या एल्गार परिषद खटल्यात आणखी एक प्रश्न पुढे आला, तो संगणकाच्या आठवणीचा. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंग या संस्थेने, बचाव पक्षाच्या वतीने केलेल्या तपासणीत, रोना विल्सन यांच्या लॅपटॉपमध्ये बाहेरून घुसखोरी करून फाइली ठेवल्या गेल्याचा निष्कर्ष दिला. राष्ट्रीय तपास यंत्रणेने तो मान्य केलेला नाही. अंतिम निवाडा न्यायालयाचा. पण प्रश्न आपल्यासाठी उरतोच. कागदावर खाडाखोड केली तर ती दिसते. संगणकात पेरलेली 'आठवण' साध्या माणसाला कशी ओळखू येणार?

भिजलेले कागद, बंद पडलेली पानं

बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर त्यांचे कागद दिल्लीच्या घरातून बाहेर काढले गेले, अंगणात टाकले गेले आणि पावसात त्यातले कित्येक नासले, ही हकीकत वसंत मून यांच्यामुळे आपल्याला माहीत आहे. पुढे कोर्टाच्या ताब्यातल्या पेट्या, त्यांच्यासाठी चाललेली धडपड, आणि १९७९ साली महाराष्ट्र शासनाने काढलेला 'रायटिंग्ज अँड स्पीचेस'चा पहिला खंड. १९८७ मध्ये चौथा खंड आला, त्यातल्या 'रिडल्स'वरून काय गदारोळ झाला हे आपल्या आई-वडिलांना विचारा. खंड टिकवण्यासाठी रस्त्यावर उतरावं लागलं. नंतर छपाईच रेंगाळली. २०२१ मध्ये वर्तमानपत्रातली बातमी वाचून मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली.

आज हेच खंड परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवून घेता येतात. ही फार मोठी गोष्ट आहे, ती मी कमी लेखत नाही. माझ्या वडिलांनी एका खंडासाठी दीक्षाभूमीवर रांग लावली होती. माझ्या फोनमध्ये सगळे खंड आहेत. पण वडिलांच्या खंडाच्या समासात पेन्सिलीच्या खुणा आहेत आणि माझ्या फोनमधल्या अर्ध्या फाइली मी उघडलेल्याही नाहीत. साठवणं स्वस्त झालं की 'आहे ना आपल्याकडे' या समाधानावर वाचन संपतं.

शिवाय डिजिटल म्हणजे कायमचं, हाही भ्रमच आहे. ऑर्कुट आठवतं? तिथे आपल्या तरुणांनी केवढे वाद घातले, केवढी माहिती जमवली. ३० सप्टेंबर २०१४ ला ऑर्कुट बंद झालं. याहू ग्रुप्सवरचा मजकूर २०१९ च्या अखेरीपासून पुसला गेला. २००६ मध्ये खैरलांजी घडली तेव्हा मोठ्या माध्यमांनी आठवडेच्या आठवडे हात आखडता घेतला होता. बातमी फिरवली ती ईमेल, ब्लॉग, एसएमएस आणि गावोगावी गेलेल्या कार्यकर्त्यांनी. त्यातले कितीसे ईमेल आज कोणाकडे आहेत? सत्यशोधन समित्यांचे छापील अहवाल सापडतात, इनबॉक्स सापडत नाहीत. परक्याच्या जागेत भाड्याने राहिलं की मालक कधीही कुलूप लावतो. अलीपूर रोडचा धडा आपण विसरलो.

आमची आठवण नको तिथे पक्की

युरोपात गेली काही वर्षं 'विसरलं जाण्याचा हक्क' यावर मोठी चर्चा आहे. स्पेनमधल्या एका माणसाच्या जुन्या कर्जाची, लिलावाची नोटीस गुगलवर वर्षानुवर्षं दिसत राहिली. तो कोर्टात गेला आणि २०१४ मध्ये युरोपीय न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. त्या चर्चेचा सूर असा की इंटरनेट काहीच विसरत नाही, म्हणून माणसाला विसर हवा.

आपल्यातले काही जण यावर म्हणतात, "आपल्याला तर अजून कोणी आठवलंच नाही, आपल्याला विसर कशाला?" मला हे अर्धंच पटतं. कारण या देशात आपली आठवण दोन ठिकाणी दोन प्रकारची आहे. शाळेच्या पुस्तकात ती कच्ची आणि पोलीस ठाण्याच्या दप्तरात पक्की. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने आख्ख्या जमातींची नोंद केली. जन्मलेलं मूल गुन्हेगार म्हणून रजिस्टरात गेलं. १९५२ मध्ये कायदा रद्द झाला, पण चोरी झाली की पारधी वस्तीवर पहिली गाडी आजही जाते. ते रजिस्टर आता संगणकात गेलं तर? यंत्राला शिकवायला जुनीच नोंद वापरली तर? तिथे आपल्याला विसरच हवा, आणि तो कायद्याने हवा. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात आपली माहिती खोडून घेण्याचा हक्क आला आहे. पण त्याच कायद्यात सरकारी यंत्रणांना सवलतीही आहेत, हे लक्षात ठेवा.

आणि आपल्याही हातून हे घडतं. अत्याचार झाला की पीडितेचा फोटो, मृतदेहाचा व्हिडिओ आपण रागाने पुढे पाठवतो. राग खरा असतो. पण त्या बाईच्या मुलीला दहा वर्षांनी तोच व्हिडिओ कॉलेजात दिसणार असतो. एका प्रकरणात मी कुटुंबासोबत काम केलं. आई मला म्हणाली, "ताई, न्याय पाहिजे, पण तेवढा फोटो काढा की." शेकडो ग्रुपमधून तो फोटो कसा काढणार होते मी? घटना लक्षात ठेवा, गुन्हेगाराचं नाव, कलम, तारीख, निकाल लक्षात ठेवा. पीडितेची विटंबना विसरू द्या.

मग करायचं काय?

माझी आजी शाळेत गेली नाही. पण दळताना ती बाबासाहेबांवर, रमाईवर ओव्या म्हणायची. तिच्या आवाजाची एक कॅसेट होती. घर बदलताना तिची टेप निघाली, बुरशी लागली, आवाज गेला. आज मला त्यातल्या दोन-तीनच ओव्यांची चाल आठवते.

याच पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या दोघांनी सहकाऱ्यांसोबत गावोगाव फिरून बायकांच्या जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यात बाबासाहेबांवरच्या, रमाईवरच्या ओव्याही आहेत. पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडियाने, म्हणजे 'पारी'ने, २०१७ पासून त्या आवाजासह, गाणारणीच्या नाव-गावासह लोकांपुढे आणल्या. डिजिटल साधन असंही वापरता येतं. फरक एवढाच की आधी कोणीतरी त्या बाईच्या दारात जाऊन बसलं, तिचं ऐकलं, लिहून घेतलं. यंत्र नंतर आलं.

म्हणून आमच्या अभ्यासिकेत आम्ही चार गोष्टी ठरवल्या आहेत. तुमच्याकडेही करून बघा.

एक, खंड आणि पान नसेल तर बाबासाहेबांचं वाक्य पुढे पाठवायचं नाही. शंका असेल तर ग्रुपवर विचारायचं. विचारणाऱ्याची थट्टा करायची नाही.

दोन, वस्तीतल्या सत्तरीपुढच्या माणसांना भेटायचं. १९५६ ची दीक्षा, ७२ चा दुष्काळ, नामांतर, पँथर, जे त्यांनी पाहिलं ते रेकॉर्ड करायचं. नाव, गाव, तारीख, कोणी विचारलं, सगळं वहीत लिहायचं. त्यांची परवानगी घ्यायची.

तीन, महत्त्वाची गोष्ट एकाच जागी ठेवायची नाही. फोन, हार्डडिस्क आणि कागदावर छापलेली एक प्रत विहाराच्या कपाटात. कपाटाची किल्ली दोघांकडे.

चार, वाचलेलं बोलून दाखवायचं. दर रविवारी वंदनेनंतर एक पान, आणि त्यावर भांडण झालं तरी चालेल.

त्या मुलाने नंतर स्वतःच्या हाताने ते १८५६ चं पत्र वहीत उतरवून घेतलं. गेल्या जानेवारीत ग्रुपवर पुन्हा तोच वाद निघाला, तेव्हा त्याने डूडल टाकलं नाही. वहीच्या पानाचा फोटो टाकला, खाली पुस्तकाचं नाव आणि साल लिहिलं. समोरचा गप्प झाला की नाही ते महत्त्वाचं नाही. याच्याकडून आता फातिमा कोणी काढून घेऊ शकत नाही.

जय भीम. जय सावित्री. जय फातिमा.